साथ ऐकू यावी, पण गाण्यावर चढू नये: एका क्वायरच्या घरगुती ट्रॅकचं प्रकरण

एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा ३२ जणांचा क्वायर, म्हणजे गायकवृंद. १२ सोप्रानो, ९ आल्टो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), ५ टेनर, ६ बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे). नाताळच्या उपासनेसाठी ११ गाणी निवडलेली. त्यांपैकी ७ चार आवाजांत बसवलेली, कीबोर्डच्या साथीवर. उरलेली ४ भजनं, पेटी-तबल्यावर. वादकाला दर आठवड्याच्या सरावाला येणं शक्य नव्हतं, म्हणून सगळी साथ घरी रेकॉर्ड करून घेतली. सरावाची जागा म्हणजे १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद सभागृह, खाली शहाबादी फरशी, वर सहा पंखे. ट्रॅक वाजवायला चाकांचा १२ इंची स्पीकर, फोनला ब्लूटूथने जोडलेला.

सराव सुरू झाल्यावर पाच तक्रारी आल्या. सुरुवातीचं वादन अंगावर येतं आणि कडवं सुरू झालं की साथ गायब होते. पेटी-तबल्याचे ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत: एक कर्कश, दुसरा इतका हळू की प्रत्येक गाण्याला कोणीतरी उठून स्पीकरचा नॉब फिरवतं. टेनर आणि बास यांना घरी फोनवर आपली ओळ ऐकूच येत नाही. चौथ्या कडव्यापर्यंत सूर उतरलेला असतो. आणि शेवटच्या कडव्यात क्वायर ट्रॅकच्या अर्धा ठोका मागे पडतो.

यांतल्या चार तक्रारी आवाजाच्या पातळीच्या होत्या, एक नव्हती. कुठली ते पुढे येईल.

आधी केलेला उपाय का फसला

ट्रॅक एकसारखे करायचे म्हणून सगळ्या फाइलींना ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममधला ‘नॉर्मलाइज’ लावला होता, सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलवर, म्हणजे आवाज फाटतो त्या शून्याच्या १ डेसिबल खाली. पडद्यावर अकराही फाइली सारख्या उंचीच्या दिसत होत्या, कानाला मात्र त्यांत १० डेसिबलपर्यंत फरक होता.

कारण साधं आहे. नॉर्मलाइज फक्त सर्वांत उंच टोक बघतो. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ काही मिलिसेकंदांपुरता फार उंच जातो आणि लगेच खाली येतो. ते एक टोक उणे १ ला टेकलं की त्याच्याबरोबरची पेटी, जी प्रत्यक्षात सूर देते, खाली दबून राहते. याउलट नुसत्या पेटीचा किंवा ऑर्गनच्या सुराचा आवाज सलग असतो. तिथे टोक आणि सरासरी यांत अंतर थोडं, त्यामुळे उणे १ पर्यंत उचललेला ट्रॅक कानावर आदळतो. पियानोचा सूर या दोन्हींच्या मध्ये: आघात मोठा, मग ओसरत जाणारा.

म्हणून टोकाऐवजी ऐकू येणाऱ्या जोराचं माप घ्यायला हवं. ते माप म्हणजे एलयूएफएस. कानाला ज्या पट्ट्यातले स्वर जास्त जाणवतात त्यांना ते जास्त वजन देतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस १७७० या शिफारशीत २००६ मध्ये ही मोजणीची पद्धत आली, आणि नंतरच्या एका आवृत्तीत फार हळू भाग मोजणीतून वगळण्याची सोय झाली. यूलीनसारखा मोफत मीटर ऑडॅसिटीत बसवता येतो. या प्रकरणात मोजल्यावर पेटीचं एक भजन उणे १३ वर निघालं, तबल्याचं उणे २३ वर. नॉब का फिरवावा लागत होता ते या दोन आकड्यांतच कळतं.

बिघाड रेकॉर्डिंगमध्येच असेल तर

पातळ्या जुळवण्याआधी प्रत्येक फाइल नीट बघावी लागते, कारण काही दोष नंतर निघत नाहीत. तीन ट्रॅक कीबोर्डवर फोन ठेवून, फोनच्याच माइकने घेतले होते. फोनचं रेकॉर्डर अ‍ॅप बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते हळू आवाज आपोआप वर ओढतं आणि मोठा आवाज दाबतं. याची खूण लाटेच्या चित्रात स्पष्ट दिसते. सुरुवातीच्या शांततेत पंख्याची घरघर हळूहळू वाढत जाते, मग पहिला स्वरमेळ भला मोठा उमटतो आणि त्यानंतर अर्ध्या-एक सेकंदात सगळंच खाली बसतं. वादकाने कडव्यात केलेला चढउतार अ‍ॅपने सपाट केलेला असतो. हे हाताने सरळ करायला गेलं तर सुरांबरोबर घरघरही वरखाली होते. अशा फाइलीवर वेळ घालवू नये, पुन्हा वाजवून घ्यावं.

दुसरा दोष अधिक साधा, पण सर्रास आढळणारा. उरलेले चार ट्रॅक कीबोर्डच्या हेडफोन जॅकमधून घेतले होते, आणि त्या जॅकमधून येणारा आवाज कीबोर्डच्या व्हॉल्यूम पट्टीवर अवलंबून असतो. वादक दर वेळी पट्टी आपल्या कानाला बरी वाटेल तिथे ठेवतो, म्हणून प्रत्येक ट्रॅक वेगळ्या पातळीवर येतो.

पुन्हा रेकॉर्ड करताना पट्टी सुमारे ७० टक्क्यांवर ठेवून शेजारी चिकटपट्टीने खूण केली. जॅकमधून ६.३ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनची दोन मोनो पिनांत फुटणारी केबल ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणाच्या) दोन लाइन इनपुटांत घातली. माइकच्या इनपुटात घालायची नाही, आवाज फाटतो. मग सगळ्यांत जोरकस कडवं वाजवून टोकं उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत येतील इतकाच गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) ठेवला. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा सोडल्याने काही बिघडत नाही, सोडली नाही तर मात्र शेवटच्या कडव्याच्या मोठ्या स्वरमेळात चिर्रर्र येतं. कीबोर्डचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) पूर्ण बंद. फरशीचं सभागृह स्वतःच पुरेसा घुमारा देतं, आणि रेकॉर्डिंगमधला घुमारा त्यात मिसळला की ठोक्याची कड हरवते. क्वायरला ती कडच हवी असते.

पेटी-तबल्यासाठी शक्य असेल तर दोन वेगळे ट्रॅक घ्यावेत. आधी पेटी, कानात मेट्रोनोमचे लयीचे ठोके लावून; मग ती ऐकत तबला. पेटीपासून माइक ६० ते ८० सेंटिमीटरवर, भात्याच्या बाजूला नाही, नाहीतर हवेचा फुसफुसाट आणि भात्याची खटखट येते. पंखा बंद, खिडक्या बंद. दोन्ही वाद्यं एकाच माइकवर घ्यावी लागली तर त्यांचा तोल अंतरानेच साधायचा: तबला सव्वा मीटरवर, पेटी पाऊण मीटरवर, आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून मगच पूर्ण गाणं. एकदा एकत्र आलेला तोल नंतर मोडता येत नाही.

गाण्याच्या आतला तोल

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि नेमकं हेच काम बहुतेक जण वगळतात.

चांगला साथीदार सुरुवातीचं वादन मोकळेपणाने वाजवतो आणि गायक आत आले की स्वतः मागे सरतो. समोर गायक असताना हे योग्यच आहे, कारण तो ऐकतो आणि गरज पडली की वर येतो. रेकॉर्डिंगला ऐकू येत नाही. सुरुवातीला सभागृह शांत असतं, त्यामुळे मध्यम पातळीही मोठी वाटते. ३२ जण गायला लागले की तीच साथ त्यांच्या आवाजाखाली झाकली जाते. म्हणजे सरावाच्या ट्रॅकला वादकाच्या सवयीच्या जवळजवळ उलटा आराखडा लागतो.

या प्रकरणात ठरवलेले आकडे असे: सुरुवातीचं वादन उणे २३ एलयूएफएसच्या आसपास, कडवी उणे २०, मधले तुकडे पुन्हा उणे २२, शेवटचं मोठं कडवं उणे १८. ऑडॅसिटीतल्या एन्व्हलप साधनाने हे हाताने आखता येतं. बदल कुठे करायचा हे महत्त्वाचं आहे. पियानोचा स्वरमेळ ओसरत असताना मध्येच पातळी वाढवली तर सूर फुगल्यासारखा ऐकू येतो. म्हणून बदल श्वासाच्या जागी, नवा स्वरमेळ पडण्याच्या किंचित आधी, आणि साधारण एका सेकंदात. ३ डेसिबलपर्यंतचा फरक असा नीट लपतो. ६ डेसिबलचा लपत नाही, तिथे वादन पुन्हा घेतलेलं बरं.

कंप्रेसर लावून सगळंच एका पातळीवर आणण्याचा मोह होतो. तो टाळावा. वादकाने ओळीच्या मध्याकडे घेतलेला चढ आणि शेवटी घेतलेला उतार गायकांना श्वास आणि वजन दोन्ही दाखवतो, तो कंप्रेसरमध्ये नाहीसा होतो आणि क्वायर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने गायला लागतो. अपवाद फक्त तबल्याचा. तबल्याच्या वेगळ्या ट्रॅकवर लिमिटरने टोकं ४ ते ६ डेसिबल कापली, तर ठेका तसाच राहतो आणि पेटीला वर यायला जागा मिळते.

साथ ऐकू येत नाही म्हणजे ती लहान आहे, असंही नेहमी नसतं. डाव्या हाताचा खर्ज स्पीकरमधून गुबगुबीत येत असेल तर तो उजव्या हातालाही गिळतो. ८० हर्ट्झखालचं कापलं, ३०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल उतरवलं आणि २ ते ३ किलोहर्ट्झमध्ये २ डेसिबल चढवलं, तेव्हा पियानोचे ठोके त्याच पातळीवर कितीतरी स्वच्छ झाले. पेटीला मात्र वरची चढण देऊ नये. तिचे सूर त्या पट्ट्यात आधीच धारदार असतात. तिथे दीड किलोहर्ट्झजवळ २-३ डेसिबल उतरवल्यावर ‘कर्कश’ ही तक्रार गेली.

अकरा ट्रॅक एका रांगेत

आतला तोल झाल्यावरच ट्रॅक एकमेकांशी जुळवायचे. क्रम उलटला तर सगळं दोनदा करावं लागतं. मोजमाप पूर्ण फाइलचं घ्यायचं नाही, फक्त दुसऱ्या कडव्याचं. पूर्ण फाइल मोजली तर जिचं सुरुवातीचं वादन लांब तिची सरासरी खाली येते आणि तिची कडवी उगाच वर उचलली जातात. मीटरने दुसरं कडवं उणे २६ दाखवलं तर पूर्ण फाइल ६ डेसिबलने ‘अ‍ॅम्प्लिफाय’ करायची. त्या खिडकीत आपोआप येणारा आकडा म्हणजे टोक न फाटता किती वाढवता येईल ती मर्यादा. ती ६ पेक्षा कमी असेल तर एखादं टोक आडवं येत आहे. तेवढं टोक शोधून उतरवायचं, मग पूर्ण फाइल वाढवायची.

लक्ष्य उणे २० का? गाण्याच्या स्ट्रीमिंग सेवा उणे १४ च्या आसपास ठेवतात. पण न दाबलेल्या पियानोची टोकं सरासरीच्या १५ ते १८ डेसिबल वर जातात, त्यामुळे उणे १४ गाठायचं तर ती कापावी लागतात. सरावाला जोर हवा असेल तर तो स्पीकरच्या नॉबवर मिळतो. फाइल एमपी३ करताना टोकं जरा वाढतात, म्हणून वर किमान १ डेसिबल मोकळं.

आकडे जुळल्यावर कानाने एक फेरी घ्यावीच लागते. ऑर्गनच्या सुरातले दोन ट्रॅक उणे २० वर पियानोपेक्षा जड वाटले. सलग वाजणारा सूर हा गाणाऱ्याचा आवाज जास्त झाकतो. ते उणे २२ वर ठेवले. पेटीची भजनं उणे २१ वर बसली.

ही फेरी रात्री हळू आवाजात हेडफोनवर करू नये. आवाज कमी झाला की कानाला खर्ज सगळ्यांत आधी कमी जाणवतो, हे बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. हळू ऐकून जुळवलेल्या ट्रॅकमध्ये खर्ज नकळत वाढवला जातो आणि सभागृहात तो घुमतो.

घरच्या सरावाचे ट्रॅक

टेनर-बासच्या तक्रारीचं मूळ फोनच्या स्पीकरमध्ये होतं. तो खालच्या पट्टीत फारच कमी आवाज देतो. बासची ओळ साधारण ८० ते ३०० हर्ट्झमध्ये फिरते, आणि ती बासरीच्या गोल सुरात वाजवली होती. बासरीच्या सुरात वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर) कमी, म्हणजे फोनवर जवळजवळ काहीच उरत नाही. आवाज कितीही वाढवला तरी उपयोग नाही, फक्त बाकीचं वाढतं. तीच ओळ चेलो किंवा बसूनच्या सुरात दिल्यावर वरच्या स्वरांशांवरून कान मूळ सूर ओळखतो. ओळ एक सप्तक वर नेऊन देण्याची सोपी युक्ती करू नये. बास मग टेनरच्या जागेत गायला लागतात.

ज्याचा ट्रॅक त्याची ओळ साथीपेक्षा ६ डेसिबल वर, इतर तीन ओळी तिच्यापेक्षा ९ ते १० डेसिबल खाली. त्या पूर्ण बंद करू नयेत. आल्टोला सोप्रानो ऐकतच आपली जागा धरायची असते. आपली ओळ डाव्या कानात, बाकी उजव्यात, अशी वाटणीही पुष्कळ जण करतात. हेडफोनवर ती उत्तम, पण एका स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र होतात आणि तोल बदलतो. म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा मोनो करून ऐकावं.

म्युझस्कोरमध्ये नोटेशन लिहून ट्रॅक काढत असाल तर ध्यानात ठेवा: तिथे ‘पियानो’ची (हळू) खूण ४९, ‘मेझो फोर्टे’ची (मध्यम जोरात) ८०, ‘फोर्टे’ची (जोरात) ९६ इतका आघात देते. एकाच्या ओळीत खुणा लिहिल्या आणि दुसऱ्याच्या राहून गेल्या, तर मिक्सर सारखा असूनही एक ओळ बुडते. सरावाच्या ट्रॅकसाठी चारही ओळींना एकच खूण द्यावी आणि फरक मिक्सरवर करावा.

फाइल गटात पाठवताना ती फाइल म्हणूनच पाठवायची. एकाने स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज केला की इतक्या कष्टाने आखलेल्या पातळ्या पुन्हा फोनच्या आपोआप गेनमधून जातात.

सभागृहात

स्पीकर पहिल्या रांगेपासून दीड मीटरवर जमिनीवर ठेवलेला होता. शेवटची रांग ६ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, त्या हिशेबाने दोन रांगांत १२ डेसिबलचा फरक. भिंतींच्या परावर्तनामुळे प्रत्यक्षात थोडा कमी, पण समोरच्या सोप्रानोंना ‘फार मोठं’ आणि मागच्या बासना ‘काहीच नाही’ हे एकाच वेळी खरं होतं. स्पीकर संचालकाच्या मागे, पहिल्या रांगेपासून ४ मीटरवर नेला आणि स्टँडवर सुमारे १.७ मीटर उंचीवर ठेवला. आता ४ आणि साडेआठ मीटर: फरक साडेसहा डेसिबलच्या आसपास. मागच्यांचा रस्ता पुढच्यांच्या डोक्यांवरून मोकळा झाला.

ब्लूटूथऐवजी ३.५ मिलिमीटरची केबल, कारण जोडणी तुटून परत आली की फोन कधी कधी पातळी बदलतो. फोन विमान मोडवर, त्याची इक्वलायझर आणि आवाज सुधारणारी सगळी बटणं बंद, स्पीकरचं बास बूस्ट बंद. फोनचा आवाज पूर्णच्या जरा खाली, आणि नॉबला खूण.

नॉब कुठे? आधी क्वायरला साथीशिवाय मध्यम जोरात एक कडवं गायला लावून संचालकाच्या जागी फोनच्या डेसिबल अ‍ॅपने मोजलं: ८० च्या आसपास. मग तेच कडवं नुसत्या ट्रॅकवर वाजवून ७० ते ७२ येईल इतका नॉब. फोनचे आकडे तंतोतंत नसतात, पण एकाच फोनवर घेतलेला फरक भरवशाचा असतो. ८ ते १० डेसिबल खाली ही साथ नुसती ऐकताना फिकी वाटते आणि संचालकाचा हात नॉबकडे जातो. तो आवरावा. पंखे पूर्ण वेगात असतील तर हळू जागा पुसल्या जातात, तेव्हा नॉब वाढवण्याऐवजी पंखे दोन घरं खाली आणावेत.

साथ वाढवली की लोक जास्त जोरात गातात. भोवतालच्या आवाजाबरोबर माणसाचा आवाज नकळत चढतो, फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये वर्णन केलेला हा परिणाम. सूर उतरण्याची तक्रार इथेच जोडलेली होती. स्वीडनचे संशोधक स्टेन टेर्नस्ट्रॉम यांनी १९९९ मध्ये दाखवलं की समूहात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इतरांच्या तुलनेत सरासरी सुमारे ६ डेसिबल वर ऐकायला आवडतो, माणसामाणसांत बराच फरक असला तरी. साथीने तो झाकला की गाणारा घसा ताणतो, थकतो आणि चौथ्या कडव्यात उतरतो. उतरलेला सूर सावरायला साथ आणखी वाढवणं म्हणजे त्याच कारणात भर.

त्याऐवजी प्रत्येक चार-आवाजी गाण्याचा एक चाचणी ट्रॅक केला. तिसऱ्या कडव्याचे मधले ४ बार (ठोक्यांचे गट) एका ठोक्यात शांत केले, पाचव्या बारच्या समेवर साथ परत. क्वायर किती उतरला आणि किती मागे गेला ते साथ परतताच सगळ्यांना एकदम कळतं, सांगावं लागत नाही. गाणं बसत गेलं तसा नॉब दर दोन सरावांनी २-३ डेसिबल खाली आणला.

पातळ्या जुळल्यावर चार तक्रारी मिटल्या. शेवटच्या कडव्यातलं मागे पडणं राहिलं, आणि ते आवाज वाढवूनही हललं नाही. वादक तिथे लय सैल करत होता, समोर असता तर मान हलवून दाखवलं असतं. ट्रॅकमध्ये दिसायला काही नाही. लय सुटते त्या ४ बारांत डाव्या हाताला खालचं सप्तक जोडलं आणि साथीच्या १० डेसिबल खाली लाकडी ठोके घातले. दोन सरावांनंतर ठोके काढून टाकले, सप्तक राहू दिलं.

मूळ रेकॉर्डिंगं वेव्ह स्वरूपात, काहीही न लावता, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, आणि प्रत्येक गाण्यासमोर दुसऱ्या कडव्याचं माप, केलेला बदल आणि कीबोर्डच्या पट्टीची खूण लिहिलेली वही. मुख्य उपासनेच्या जागेत अंतिम सराव घेताना फाइलींना हात लावायचा नाही. तिथे फक्त नॉबची खूण नव्याने, क्वायर उभा करून, वरच्याच पद्धतीने मोजून घ्यायची.